फुणके, परतलेली भाजी आणि शरीरातले पोस्टमन

मुलांनो, आधी एक प्रश्न. आज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी तुम्ही काय खाल्लं? खरं खरं सांगा हं! चहा-बिस्किट? नुसता चहा? की ‘उशीर झाला, उशीर झाला’ म्हणत काहीच नाही?

हा प्रश्न विचारायला कारण आहे. गेल्या संक्रांतीच्या सुमारास मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात एका ओळखीच्या घरी गेले होते. अंगणात नव्या तुरीची रास पडलेली, ओसरीवर आजी डाळ पाखडत बसलेल्या. त्या घरातली मुलगी नववीत आहे. बोलकी, हुशार, कबड्डीत पहिली उडी मारणारी. पण त्या दिवशी ती दुपारच्या आधीच घरी परत आली. शाळेत प्रार्थना सुरू असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली.

आजींनी सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मग विचारलं, “काय वं पोरी, सकाळी खाल्लं काय काही?”

पोरगी गप्प. जरा वेळानं सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपासून तिनं सकाळचा नाश्ता सोडला होता. डब्यातली एकच पोळी खाऊन उरलेली मैत्रिणींना देत होती. का? तर बारीक व्हायचं म्हणून! चेहऱ्यावर मुरुमं आली होती, आणि मैत्रिणीच्या फोनवरच्या एका चित्रफितीत कुणीतरी सांगितलं होतं, की ‘तुमचे हार्मोन्स बिघडले आहेत.’ उपाय म्हणून चिया, क्विनोआ, अव्होकॅडो असली नावं घेतली होती.

“ते सारं आपल्या गावात कुठे मिळणार? मग मी खाणंच कमी केलं,” ती म्हणाली. आणि मग अगदी हळू आवाजात आईला सांगितलं, की दोन महिन्यांत तिला पाळी आली नव्हती.

आई घाबरली. आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, “चुलीत लाकूडच नाही घातलं तं सयपाक कसा होईन?”

आजींनी हार्मोन हा शब्द कधी वाचलेला नसेल. पण त्यांचं हे एक वाक्य आजच्या आपल्या विषयाचं सार आहे. कसं, ते पाहू या. आणि जाता जाता त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून जे रांधलं, तेही शिकू या.

हे पोस्टमन कोण?

आपल्या शरीरात अब्जावधी पेशी आहेत. मेंदूला पायाच्या हाडांना सांगायचं असतं, ‘आता वाढा.’ पोटाला मेंदूला कळवायचं असतं, ‘भूक लागली.’ हे निरोप पोचवायचा एक मार्ग म्हणजे मज्जातंतू, तारेसारखे झटपट. दुसरा मार्ग म्हणजे रक्तातून फिरणारे रासायनिक पोस्टमन. त्यांनाच हार्मोन्स म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना ‘संप्रेरके’ म्हटलेलं आहे.

‘हार्मोन’ हा शब्द तसा अलीकडचा. लंडनमधले शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये तो वापरात आणला. ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला आहे. त्याआधी तीन वर्षं, १९०२ मध्ये, स्टार्लिंग आणि विल्यम बेलिस यांनी आतड्यातून निघणारा असा एक रासायनिक निरोप शोधून काढला होता.

या पोस्टमनचं महत्त्व किती? कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. म्हणजे तुमच्याच वयाचा! त्याला मधुमेह होता. खाल्लेली साखर रक्तातून पेशींपर्यंत पोचवण्यासाठी लागणारं इन्सुलिन त्याच्या शरीरात तयारच होत नव्हतं. तो अगदी हाडांचा सापळा झाला होता. जानेवारी १९२२ मध्ये त्याला इन्सुलिन टोचण्यात आलं. ते मिळणारा तो पहिलाच रुग्ण. पहिल्या टोचणीचा फारसा उपयोग झाला नाही. शास्त्रज्ञांनी औषध आणखी शुद्ध केलं, पुन्हा टोचलं आणि मुलगा सुधारला. एक पोस्टमन कामावर आला आणि एक जीव वाचला!

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिचं वाढीचं संप्रेरक तुम्ही गाढ झोपेत असताना जास्त पाझरतं. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी असते. शरीराची भट्टी किती जोरात पेटवायची, हे ती ठरवते. आणि दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास मुलामुलींच्या शरीरात नवे पोस्टमन कामाला लागतात. उंची वाढते, आवाज बदलतो, मुरुमं येतात, पाळी सुरू होते. हे बिघडणं नव्हे, हे मोठं होणं आहे! त्या मुलीच्या चेहऱ्यावरची मुरुमं हा आजार नव्हता. या वयात ती बहुतेकांना येतात.

उपाशी शरीर काटकसर करतं

मग तिची पाळी का थांबली असावी?

समजा, एखाद्या वर्षी घरात पैशांची ओढाताण आहे. आईबाबा काय करतात? दवाखाना, किराणा, शाळेची फी आधी. नवा टीव्ही, घराला रंग हे पुढच्या वर्षी. मेंदूसुद्धा अगदी असाच हिशेब करतो. पोटात पुरेसं अन्न येत नाही असं कळलं, की तो ठरवतो : हृदय चालू ठेवा, श्वास चालू ठेवा. वाढ थोडी थांबली तरी चालेल. पाळीचे निरोप सध्या नकोत. मेंदूतून निघणारी ती पत्रंच कमी होतात, मग पुढचे पोस्टमन रिकाम्या झोळीनं बसतात.

हे मुलींच्याच बाबतीत होतं असं नाही हं. व्यायामशाळेत घाम गाळून पोटभर न जेवणाऱ्या मुलाचीही ताकद आणि वाढ मागे पडते.

म्हणून ‘हार्मोन्स सुधारण्यासाठी’ कमी खाणं म्हणजे पोस्टमनला सायकलच न देता टपाल वाटायला पाठवणं! त्यांना रोज, वेळेवर आणि पुरेसा शिधा लागतो. तो कुठल्या परदेशी बियांतच असतो असं नाही. वर्धा जिल्ह्याच्या शेतात तो उभा असतो.

वर्ध्याची जुनी ‘प्रयोगशाळा’

साध्या, आसपास पिकणाऱ्या अन्नातून ताकद कशी मिळवायची, हा प्रश्न वर्ध्यात फार पूर्वी विचारला गेला आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग त्यासाठी दिली. तीच मगनवाडी. गांधीजी १९३५ मध्ये तिथे राहत होते, आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचं काम पाहत होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांचे प्रयोग तिथे चालत.

त्याच वर्षी गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात पालेभाज्यांवर लिहिलं. गाजराचा, मुळ्याचा, सलगमचा पाला आपण बेलाशक फेकून देतो, तो त्यांनी स्वतः खाऊन पाहिला होता. मगनवाडीत सोयाबीन शिजवून खाण्याचाही प्रयोग झाला. गंमत पाहा, आज वर्धा जिल्ह्यात सोयाबीनची शेतंच शेतं आहेत, पण त्यातलं किती आपल्या ताटात येतं?

एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी जवळच्या शेगावला राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झालं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि ‘नई तालीम’ची कल्पना पुढे आली. आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी सेवाग्रामला जी शाळा चालवली, तिथे सूत कातणं, शेती, सफाई यांच्याबरोबर स्वयंपाक हाही शिक्षणाचाच भाग होता. मुलींनाही आणि मुलांनाही! भाजी तोलताना गणित, ती शिजताना विज्ञान, आणि वाढताना नागरिकशास्त्र.

तेव्हा ‘स्वयंपाक मुलींचं काम’ असं म्हणणाऱ्या दादालोकांनी हे वाचून बाह्या सरसावाव्यात. पुढची कृती तुमच्यासाठीही आहे.

“मोमो कायचे पाह्यजे तुले!”

संध्याकाळी ती मुलगी जरा सावरली. काय खावंसं वाटतं असं विचारल्यावर म्हणाली, “मोमो.” वर्ध्याला गेलं की गाडीवर मिळतात, ते.

आजी हसून म्हणाल्या, “मोमो कायचे पाह्यजे तुले! फुणके नाही काय आपले?”

खरंच की! तिबेट-नेपाळकडचे मोमो, कोकणातले उकडीचे मोदक आणि विदर्भ-खानदेशातले फुणके हे सगळे वाफेवर शिजणारे भाऊबंद. पण गाडीवरच्या मोमोचं आवरण असतं मैद्याचं. फुणके मात्र नखशिखांत डाळीचे. मग ठरलं. फुणके, आणि जोडीला मोठ्या आचेवर भरभर परतलेली भाजी. सहावीतला धाकटा भाऊ आपण होऊन लसूण सोलायला बसला.

चला तर, हात स्वच्छ धुवा. मिक्सर चालवताना आणि वाफेचं झाकण काढताना घरातलं मोठं माणूस जवळ हवंच.

फुणके (चार जणांसाठी)

साहित्य : तुरीची डाळ १ मोठी वाटी (सुमारे २०० ग्रॅम), हरभऱ्याची डाळ अर्धी वाटी (सुमारे १०० ग्रॅम), हिरव्या मिरच्या ३-४, लसणाच्या ८-१० पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, जिरे १ चमचा, बारीक चिरलेले कांदे २, मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर. विदर्भात तिला सांबार म्हणतात, इडलीबरोबरचं सांबार नव्हे हं!), मूठभर मेथीची किंवा शेवग्याची पानं, हळद अर्धा चमचा, तेल २ चमचे, चवीपुरतं मीठ.

कृती :

१. दोन्ही डाळी धुऊन पाच-सहा तास भिजत घाला. थंडीचे दिवस असतील तर रात्रीच भिजवा.

२. डाळ चाळणीत उपसून पाणी पूर्ण निथळू द्या. मिरची, लसूण, आलं, जिरे घालून जाडसर वाटा. पाणी घालू नका. पीठ सैल झालं की फुणके वळता येत नाहीत, फसकन पसरतात. डाळीचा रवा बोटाला लागला पाहिजे. एकदम गुळगुळीत वाटलं, की फुणके घट्ट होतात.

३. त्यात कांदा, सांबार, मेथी, हळद, तेल आणि मीठ घालून हातानं हलकेच कालवा. पीठ खूप मळू नका.

४. हाताला तेलाचं बोट लावून थोडं पीठ मुठीत घ्या आणि दाबा. बोटांचे ठसे उमटलेला लांबट गोळा तयार! सोळा-अठरा फुणके होतील. आकार वेडावाकडा झाला तर घाबरू नका. प्रत्येकाच्या मुठीचा फुणका वेगळा. कोणता कोणाचा, हे ओळखण्याचा खेळ आमच्याकडे जेवणभर चालला होता.

५. एका गंजात तीन-चार पेले पाणी उकळत ठेवा. वर तेल लावलेली चाळणी ठेवून त्यात फुणके सुटे सुटे मांडा आणि झाकण ठेवा. पाणी चाळणीला लागता कामा नये. सुमारे वीस मिनिटं वाफवा.

६. सुरी टोचून पाहा. कोरडी बाहेर आली की झाले! झाकण काढताना ते स्वतःकडे नाही, पलीकडे उघडा. वाफेचा चटका उकळत्या पाण्याइतकाच वाईट असतो.

फुणका ताटात कुस्करायचा, त्यावर चमचाभर तेल किंवा लसणाची फोडणी घ्यायची आणि कढीबरोबर खायचा. हळद वर्धा जिल्ह्यातल्याच वायगावची असेल तर उत्तम. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावाच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

भरभर परतलेली भाजी

साहित्य : उभी चिरलेली पानकोबी २ वाट्या, गाजरं २, बरबटीच्या (चवळीच्या) कोवळ्या शेंगा १ वाटी, शिमला मिरची १, कांद्याची पात १ जुडी, चिरलेला लसूण १ चमचा, तीळ १ मोठा चमचा, शेंगदाण्याचं तेल २ चमचे, मीठ, अर्धा लिंबू.

कृती :

१. सगळ्या भाज्या आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतल्या की पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वं वाहून जातात.

२. शेंगा बोटभर लांबीच्या मोडून फुणक्यांच्या चाळणीतच एका कडेला दहा मिनिटं वाफवून घ्या. गॅस एकच, कामं दोन!

३. लोखंडी कढई चांगली तापवा. तेल, मग तीळ आणि लसूण. तीळ तडतडले की आधी कडक भाज्या टाका : गाजर आणि शेंगा. दोन मिनिटांनी पानकोबी आणि शिमला मिरची. आच मोठीच ठेवा आणि सराट्यानं (म्हणजे उलथन्यानं) सतत हलवत राहा.

४. तीन-चार मिनिटांत भाज्या चमकू लागतात. दाताखाली थोड्या कुरकुरीत असतानाच कांद्याची पात घाला.

५. मीठ शेवटी. आधी घातलं की भाजीला पाणी सुटतं, आणि परतलेली भाजी होण्याऐवजी उकडलेली होते. गॅस बंद करून लिंबू पिळा. भाजी लगेच ताटात काढा. लोखंडी कढईत ठेवली तर काळी पडते.

बाजूला जवसाची चटणी हवीच. भाजलेलं जवस, लाल तिखट, लसूण, मीठ एकत्र कुटायचं, की झाली चटणी. आणि ज्वारीची भाकर. झालं जेवण!

ताटात कोणासाठी काय?

आता आपल्या पोस्टमनची शिदोरी तपासू.

डाळीतली प्रथिनं : इन्सुलिन, वाढीचं संप्रेरक अशी कितीतरी संप्रेरकं प्रथिनांच्याच घटकांपासून बनतात. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे वरच्या मापानं प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा-सोळा ग्रॅम येतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. तिसरा हिस्सा एका जेवणात आला! डाळीबरोबर भाकरी खाल्ली, की एकीत जे कमी ते दुसरी पुरवते.

चोथा म्हणजे तंतू : गोड शीतपेय प्यायलं की साखर धाडकन रक्तात येते आणि इन्सुलिनला धावपळ करावी लागते. डाळ, भाजी, ज्वारी यांच्यातले तंतू हीच साखर हळूहळू सोडतात. पोट बराच वेळ भरलेलं राहतं. दहा वाजताच्या तासाला पेंग येत नाही!

मिठातलं आयोडीन : थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनशिवाय बनूच शकत नाही. पूर्वी हिमालयाच्या पायथ्याच्या भागात गलगंडाचे खूप रुग्ण असत. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं आणि गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्याला दिवसाला आयोडीन लागतं फक्त १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी कमी. पण ते रोज लागतं. आयोडीन उष्णतेनं काही प्रमाणात उडून जातं, म्हणून मीठ शेवटी घालावं आणि बरणीचं झाकण घट्ट लावावं. चिमूटभर जास्त मीठ मात्र नको. आयोडीनसाठी मीठ वाढवायचं नसतं, मीठ आयोडीनयुक्त आहे ना, तेवढंच पाहायचं.

‘पानकोबीनं थायरॉइड बिघडतं’ असं कोणी म्हणालं तर? कच्ची पानकोबी रोज ढिगानं खाल्ली आणि आयोडीनही कमी पडलं, तर तिच्यातले काही घटक अडथळा आणू शकतात. शिजवल्यावर ते कमी होतात. वाटीभर परतलेली भाजी बिनधास्त खा.

लोह : पालेभाजी, डाळ, तीळ आणि थोडं लोखंडी कढईतूनही. थायरॉइडचं संप्रेरक बनवणाऱ्या एका विकरालाही लोह लागतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वनस्पतींमधलं लोह शरीरात सहज शिरत नाही. त्याचं बोट धरून आत नेतं ते लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व. चहा मात्र वाट अडवतो. म्हणून जेवणाबरोबर चहा नको, तासभर तरी अंतर ठेवा.

जवस, तीळ, शेंगदाणे : वाढत्या वयात तेल-तूप अजिबात बंद करणं चुकीचं. काही संप्रेरकं स्निग्ध पदार्थांपासूनच बनतात. जवसात ओमेगा-३ गटातलं एक चांगलं स्निग्धाम्ल भरपूर असतं. विदर्भात जवस पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं. त्याची चटणी म्हातारी माणसंच खातात, असं समजू नका.

मग फुणके खाल्ले की सगळं बरं होतं?

नाही! हे नीट लक्षात ठेवा. हार्मोन्स ‘ठीक करणारी’ जादूची पाककृती जगात नाही. जो कोणी तसं सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. फुणके म्हणजे औषध नव्हे, शिधा आहे. थायरॉइडचा आजार असेल, मधुमेह असेल, तर डॉक्टर आणि औषधच हवं. लिओनार्डला काही डाळ खाऊन बरं वाटलं नसतं.

आमच्या त्या मुलीला दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत रक्त कमी निघालं. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि तिला एक साधा प्रश्न विचारला, “तू सडपातळच आहेस. तुला आणखी बारीक कोणी व्हायला सांगितलं?” तिच्याजवळ उत्तर नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, तीन वेळा पोटभर जेव, रात्री आठ-नऊ तास झोप, आणि महिन्यानं पुन्हा ये.

रक्त कमी असणारी ती काही एकटी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलांपैकी सुमारे ३१ टक्के जणांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे दहा मुलींच्या बाकावर सहाजणी, आणि दहा मुलांच्या बाकावर तिघे! शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तराच्या कप्प्यात लपवणाऱ्यांनो, ऐकताय ना? ती उपाशीपोटी घेऊ नका, जेवल्यानंतर घ्या, म्हणजे मळमळत नाही.

आईबाबांसाठी चार शब्द

मुलगा किंवा मुलगी अचानक डबा परत आणू लागली, जेवायच्या वेळी सबबी सांगू लागली, सारखी थकलेली दिसू लागली, तर रागावण्याआधी विचारा. ‘जाडी’, ‘सुकडी’ असली घरातली थट्टा तुम्हाला वाटते त्यापेक्षा खोल रुतते.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होणं नेहमीचं आहे. पण पंधरावं वर्ष संपलं तरी सुरूच झाली नाही, तीन महिन्यांहून जास्त अंतर पडलं, रक्तस्राव फार झाला, किंवा त्याबरोबर चक्कर येणं, वजन उतरणं असं काही असलं, तर डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची केंद्रं आहेत. तिथे मुलामुलींना मोकळेपणानं बोलता येतं. बाजारातल्या ‘हार्मोन पावडरी’वर पैसे घालवण्यापूर्वी एवढं जरूर करा.

आणि हो, आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाकघर मुलांच्या हाती द्या. ओट्यावर पीठ सांडेल, फुणके वेडेवाकडे होतील. होऊ द्या. स्वतः वळलेला फुणका कोणीही ताटात टाकत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे एका ओळीत जेवायला बसलो. त्या पोरीनं पहिला फुणका कुस्करला, कढी ओतली, आणि मग दुसरा घेतला. तिसरा घेताना तिनं आजीकडे चोरून पाहिलं. आजींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि चाळणी हळूच तिच्याकडे सरकवली.

तर मुलांनो, येत्या रविवारी डाळ भिजत घाला. शनिवारी रात्रीच, विसरू नका! कोणाच्या मुठीचा फुणका सगळ्यात मोठा झाला आणि पीठ कोणी सैल केलं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.